वर्षातली आपली जागा : सायन अंशांच्या पुस्तिकेची प्रस्तावना

मीरा-भाईंदरमध्ये वर्ष मोजायच्या निदान चार रीती एकमेकींना खेटून नांदतात. उत्तनच्या ख्रिस्ती वस्तीत ईस्टरचा रविवार ठरतो तो २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेवरून. मीरा रोडच्या नयानगरात रमजान चंद्रदर्शनाने लागतो आणि दर वर्षी सुमारे ११ दिवस अलीकडे सरकत साधारण ३३ वर्षांत सगळ्या ऋतूंतून फिरून येतो. कोळीवाड्यांतली नारळी पौर्णिमा श्रावणातच येते, पण इंग्रजी तारखेने ती कधी ऑगस्टच्या आरंभी पडते, तर कधी अखेरीस. संक्रांत मात्र १४ नाही तर १५ जानेवारीला, हे शाळकरी पोरही सांगते. चारही रीती आपापल्या कामाला चोख आहेत आणि त्यांच्यामागे पिढ्यान्‌पिढ्यांची बुद्धी खर्ची पडली आहे. तरी ‘आज, या घटकेला, ऋतुचक्रात आपण नेमके कुठे आहोत?’ असा साधा प्रश्न विचारला, तर त्याचे थेट उत्तर यांपैकी एकीकडेही मिळत नाही.

ते उत्तर एका आकड्यात देता येते. हा आकडा म्हणजे एक कोन आहे. ही पुस्तिका त्या कोनाची ओळख करून देण्यासाठी लिहिली आहे.

पृथ्वी सूर्याभोवती फिरते, त्यामुळे आपल्याला सूर्य ताऱ्यांमधून एका ठरलेल्या वाटेने पुढे सरकताना दिसतो. या वाटेला क्रांतिवृत्त म्हणतात. मार्चच्या २०-२१ तारखेला सूर्य विषुववृत्त ओलांडून उत्तरेकडे येतो, तो वसंत संपात. तिथे शून्य धरायचे आणि सूर्य त्या बिंदूपासून किती अंश पुढे गेला ते मोजायचे. २१ जूनच्या सुमारास ९० अंश होतात, तेव्हा आपल्याकडे सर्वांत मोठा दिवस असतो. २२-२३ सप्टेंबरला १८० अंश, म्हणजे शरद संपात. २१-२२ डिसेंबरला २७० अंश, म्हणजे सर्वांत लहान दिवस. मग ३६० पुरे झाले की पुन्हा शून्य. पंचांगकर्ते याला सायन रवि म्हणतात. पुढच्या पानांत मी सोपेपणासाठी त्याला ‘सायन अंश’ म्हटले आहे. सूर्याचा हा अंश म्हणजेच पृथ्वीची कक्षेतली जागा. सूर्याकडून पाहिले तर फक्त १८० अंशांचा फरक पडतो.

तारीख असताना अंश कशाला, असा प्रश्न कोणीही विचारील. तारीख दिवस मोजते, आणि वर्षात दिवस पुरते मावत नाहीत. संपातापासून संपातापर्यंत ३६५.२४२२ दिवस लागतात. म्हणून संपाताची वेळ दर वर्षी जवळजवळ सहा तासांनी पुढे जाते आणि लीप वर्षातला २९ फेब्रुवारी तिला मागे ओढतो. ही ओढाताण शतकानुशतके जरा चुकली, तर काय होते ते युरोपने अनुभवले. जुन्या रोमन पद्धतीत दर चौथे वर्ष लीप होते. तो हिशेब किंचित जास्त होता, आणि सोळाव्या शतकापर्यंत संपात २१ मार्चवरून घसरून ११ मार्चच्या आसपास आला. ईस्टर संपाताला बांधलेला असल्याने १५८२ मध्ये पोप ग्रेगरींनी कॅलेंडरातले १० दिवस गाळून टाकले. पोर्तुगालने ही सुधारणा लगेच उचलली, आणि त्या काळी वसई-उत्तनचा किनारा पोर्तुगीजांच्याच ताब्यात होता. आज आपण सगळे वापरतो ती इंग्रजी तारीख म्हणजे सूर्याच्या अंशाला दिवसांच्या दावणीने बांधून ठेवण्याचा प्रयत्न आहे. दावण बरी आहे, पण मूळ वस्तू अंश आहे.

हा अंश कागदावर राहू नये म्हणून पहिल्याच प्रकरणात काठीचा प्रयोग दिला आहे. भाईंदर १९.३ उत्तर अक्षांशाला लागून आहे. गच्चीवर एक मीटर उंचीची सरळ काठी ओळंब्याने उभी करा आणि मध्यान्हीची सावली मोजा. घड्याळातले बारा म्हणजे इथली मध्यान्ह नव्हे. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ पूर्व रेखांशाची आहे आणि आपण ७२.८५ वर आहोत, म्हणून सूर्य डोक्यावर यायला सरासरी १२ वाजून ३९ मिनिटे होतात. नोव्हेंबरच्या आरंभी ही वेळ १२.२२ पर्यंत अलीकडे येते, तर फेब्रुवारीच्या मध्याला १२.५३ पर्यंत लांबते. त्या वेळी सावली सर्वांत आखूड असते आणि बरोबर उत्तर-दक्षिण पडते. २७० अंशांना, म्हणजे डिसेंबरच्या २१-२२ तारखेला, ती उत्तरेकडे ९२ सेंटिमीटर भरते. शून्य अंशाला ३५ सेंटिमीटर. आणि ९० अंशांना ती दक्षिणेकडे वळते, जेमतेम ७ सेंटिमीटर. आपण कर्कवृत्ताच्या दक्षिणेला राहतो, म्हणून वर्षातले सुमारे ७० दिवस आपली दुपारची सावली दक्षिणेला पडते. हे इथे वाढलेल्या कितीतरी जणांनी कधी पाहिलेले नसते, कारण त्यांतले निम्म्याहून अधिक दिवस ढगांखाली जातात.

या दोन दिशांच्या सीमेवर शून्य सावलीचे दोन दिवस येतात. मुंबई परिसरात ते मेच्या मध्यावर आणि जुलैच्या अखेरच्या आठवड्यात असतात; भाईंदरला साधारण १६-१७ मे आणि २६-२७ जुलै. या दोन्ही दिवशी सूर्य बरोबर माथ्यावर असतो, काठीची सावली काठीच्या बुडाशी जाते. पण पहिल्या दिवशी सायन अंश ५६ असतात, दुसऱ्या दिवशी १२४. भाईंदरच्या खाडीकाठी अजून उरलेली मिठागरे पाहिली की या दोन आकड्यांमधले अंतर डोळ्यांत भरते. ५६ अंशांना वाफ्यांत मीठ धरलेले असते, पांढऱ्या राशी रचलेल्या असतात आणि पावसाआधी त्या झाकायची घाई चाललेली असते. १२४ अंशांना तेच वाफे पावसाच्या पाण्याखाली असतात. सूर्याची उंची तीच, सावली तीच, ऋतू मात्र निराळा. उंची सांगणारी सावली वर्षातल्या दोन जागांना एकच उत्तर देते. कोन प्रत्येक जागेला वेगळे उत्तर देतो. ऋतूचे माप म्हणून कोन का हवा, याचे याहून स्वच्छ कारण मला सापडलेले नाही.

याचा अर्थ तिथी निरुपयोगी आहे असा मुळीच नाही. समुद्राशी काम असलेल्या माणसाला तिथीवाचून चालत नाही. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असते, अष्टमीच्या आसपास भांग असतो, आणि मिठागरात पाणी कधी घ्यायचे, होडी कधी काढायची हे त्यावर ठरते. चंद्राचे काम चंद्र सांगतो. पण ऋतूचे काम चंद्राला सांगता येत नाही. २०२० साली श्रावण पौर्णिमा ३ ऑगस्टला आली. तेव्हा सायन अंश १३१ होते. २०२३ साली अधिक श्रावण आला आणि निज श्रावणाची पौर्णिमा ३० ऑगस्टला लागली. तेव्हा अंश होते सुमारे १५६. एकच तिथी, पण कक्षेत २५ अंशांचे अंतर. चंद्राची बारा मासांची फेरी सूर्याच्या वर्षाहून सुमारे ११ दिवसांनी कमी पडते आणि आपल्या पूर्वजांनी ती तूट अधिक मासाने भरून काढली. ज्या चांद्रमासात सूर्याची संक्रांत होत नाही तो अधिक, हा नियम नीट पाहिला तर लक्षात येते की चांद्र पंचांगाच्या मुळाशीही सूर्याचा अंशच बसवलेला आहे.

शेतकऱ्याने तर हा अंश कधीच सोडला नाही. ‘मृग लागला’ असे आपण म्हणतो तेव्हा सूर्य मृग नक्षत्रात शिरला असे म्हणतो. क्रांतिवृत्ताचे २७ भाग, प्रत्येक भाग १३ अंश २० कलांचा, आणि सूर्याला तो ओलांडायला साधारण १३-१४ दिवस लागतात. रोहिणी, मृग, आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य, आश्लेषा, मघा, पूर्वा, उत्तरा, हस्त हा पावसाळ्याचा हिशेब म्हणजे कक्षेतल्या जागांची यादी आहे. गावाकडे पेरणीचे बोलणे नक्षत्रावरून होते, तारखेवरून नाही, आणि ते शास्त्राला धरून आहे. जगातल्या फार थोड्या समाजांच्या रोजच्या बोलण्यात ग्रहाची कक्षेतली जागा इतकी सहज येते. आपल्याला याचा अभिमान वाटायला हवा.

पण इथेच एक गाठ आहे, आणि ती उकलल्याशिवाय पुढे जाता येत नाही. मृगाचा आरंभ ताऱ्यांना धरून मोजला जातो, तर ऋतू संपाताला धरून चालतात. पृथ्वीचा आस अतिशय संथपणे दिशा बदलतो, त्यामुळे संपातबिंदू ताऱ्यांमधून दर वर्षी सुमारे ५०.३ विकला मागे सरकतो. ७२ वर्षांत एक अंश. ताऱ्यांपासून मोजलेला अंश निरयन, संपातापासून मोजलेला सायन, आणि दोहोंतले अंतर म्हणजे अयनांश. आज हे अंतर २४ अंशांहून थोडे अधिक आहे. म्हणून खरे उत्तरायण २१-२२ डिसेंबरला, २७० सायन अंशांवर सुरू होते, आणि मकर संक्रांत जवळजवळ २४ दिवसांनी, २९४ अंशांवर साजरी होते. मृगाचेही तसेच. आज तो ७-८ जूनला, सुमारे ७७ सायन अंशांवर लागतो. पाचशे वर्षांपूर्वी तो ऋतूच्या मानाने सुमारे सात दिवस आधी लागत असे. आज मृग आणि मोसमी पाऊस कोकणात जवळजवळ हातात हात घालून येतात. मुंबईत पाऊस दाखल होण्याची हवामान खात्याची सरासरी तारीख ११ जून आहे. ही जोडी कायमची नाही. आणखी हजार वर्षांनी मृग २० जूनच्याही पुढे गेलेला असेल.

या गाठीवर महाराष्ट्रात जितके मनापासून काम झाले तितके क्वचितच कुठे झाले असेल. कोकण किनाऱ्यावरच्या नांदगावचे गणेश दैवज्ञ यांनी शके १४४२ मध्ये, म्हणजे १५२० साली, ग्रहलाघव लिहिले. ज्या-कोज्यांच्या सारण्या न वापरता सूर्य-चंद्र-ग्रहांचे स्थान काढता येईल अशी रीत त्यांनी बसवली, आणि पुढची काही शतके मराठी मुलखातली पंचांगे तिच्यावर चालली. एकोणिसाव्या शतकात केरो लक्ष्मण छत्रे यांनी युरोपीय गणिताच्या आधारे ग्रहसाधनाची कोष्टके मराठीत आणली आणि त्यांवर पटवर्धनी पंचांग निघाले. मग प्रश्न आला तो आरंभबिंदूचा. छत्रे यांनी रेवती नक्षत्रातला झीटा पिशियम हा मंद तारा आरंभी धरला. त्यांचे शिष्य लोकमान्य टिळक त्याच बाजूचे. व्यंकटेश बापूजी केतकरांनी चित्रेच्या ताऱ्याचा आधार घेतला. दोन्ही पक्षांत सुमारे चार अंशांचा फरक पडतो, म्हणून टिळक पंचांगाची संक्रांत साधारण चार दिवस आधी येते आणि अधिक मासही कधी कधी वेगळा पडतो.

तिसरा पक्ष सायनवाद्यांचा. विसाजी रघुनाथ लेले, जनार्दन बाळाजी मोडक आणि शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचे म्हणणे असे की महिने ऋतूंसाठी आहेत, तेव्हा ते संपातापासूनच मोजले पाहिजेत. त्यांनी सायन पंचांग काढून दाखवले. दापोलीजवळच्या मुरुडचे दीक्षित पेशाने शिक्षक होते. १८९६ मध्ये त्यांचे ‘भारतीय ज्योतिःशास्त्र’ प्रसिद्ध झाले आणि दोन वर्षांनी, पंचेचाळिशीतच, ते गेले. विरोधी पक्षाचे म्हणणे पूर्ण मांडून मग आपले सांगायचे, ही त्यांची सवय मला आजही आदर्श वाटते. सायन पंचांग लोकांनी उचलले नाही, पण विचार मेला नाही. नोव्हेंबर १९५२ मध्ये मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली दिनदर्शिका सुधारणा समिती नेमली गेली, नागपूरचे के. ल. दप्तरी आणि ‘केसरी’चे माजी संपादक ज. स. करंदीकर तिचे सदस्य होते. १९५५ मध्ये अहवाल आला आणि २२ मार्च १९५७ रोजी, १ चैत्र १८७९ या दिवशी, भारतीय राष्ट्रीय दिनदर्शिका सुरू झाली.

या राष्ट्रीय दिनदर्शिकेकडे एकदा नीट पाहावे असे मी वाचकाला कळकळीने सांगेन. तिचा चैत्र संपाताच्या दुसऱ्या दिवशी सुरू होतो, म्हणजे ती सरळ सायन आहे. वैशाख ते भाद्रपद हे पाच महिने ३१ दिवसांचे, आश्विन ते फाल्गुन हे सहा ३० दिवसांचे. चैत्र ३० चा, लीप वर्षी ३१ चा. ही वाटणी मनमानी नाही. पृथ्वीची कक्षा किंचित लांबट आहे. जुलैच्या आरंभी पृथ्वी सूर्यापासून सर्वांत दूर, १५.२ कोटी किलोमीटरवर असते आणि दिवसाला ०.९५ अंशच सरकते. जानेवारीच्या आरंभी ती सर्वांत जवळ, १४.७ कोटी किलोमीटरवर असते आणि १.०२ अंश सरकते. म्हणून शून्य ते १८० अंशांना १८६ दिवस लागतात आणि उरलेल्या अर्ध्या फेरीला १७९. केप्लरने हा नियम सतराव्या शतकात मांडला. सूर्याच्या या असमान गतीचा हिशेब मात्र भास्कराचार्यांच्या ११५० सालच्या सिद्धान्तशिरोमणीत मंदफलाच्या रूपाने आलेला आहे. समितीने पाच महिन्यांना एकेक दिवस जास्त दिला तो या मंद चालीसाठी. आकाशवाणीवर आणि राजपत्रावर दिसणारी ती तारीख पृथ्वीच्या कक्षेचा आकार सांगते आहे, आणि आपण तिच्याकडे ढुंकूनही पाहत नाही, याचे मला वाईट वाटते.

पृथ्वीवर अंशाला तारखेचा पर्याय तरी आहे. दुसऱ्या ग्रहावर तोही नाही. मंगळाचे वर्ष पृथ्वीच्या ६८७ दिवसांचे, तिथल्या ६६८.६ दिवसांचे. तिथे ना चैत्र, ना मार्च. म्हणून शास्त्रज्ञ मंगळावरची ऋतूंची प्रत्येक गोष्ट सायन अंशांत लिहितात: मंगळाच्या उत्तर गोलार्धाचा वसंत संपात शून्य, तिथून ३६०. वर्षांना क्रमांक असावेत म्हणून ११ एप्रिल १९५५ रोजी सुरू झालेले मंगळवर्ष पहिले धरले आहे. मंगळाचा आस आपल्यासारखाच, सुमारे २५ अंश, कललेला आहे. पण कक्षा आपल्यापेक्षा बरीच लांबट. परिणामी उत्तरेचा वसंत तिथल्या १९३ दिवसांचा आणि शरद १४३ दिवसांचा. नव्वद अंश दोघांनाही सारखेच. मंगळ २५१ अंशांवर सूर्याच्या सर्वांत जवळ येतो, आणि धुळीची मोठी वादळे १८० ते ३६० या अर्ध्या फेरीतच उठतात. २०१८ साली अशाच एका वादळाने सबंध ग्रह झाकला. त्यात ‘ऑपॉर्च्युनिटी’ या सौरऊर्जेवर चालणाऱ्या बग्गीचा संपर्क जून महिन्यात तुटला तो कायमचा. आपले मंगळयान २४ सप्टेंबर २०१४ रोजी मंगळाच्या कक्षेत गेले तेव्हा तिथे अंश २०० च्या थोडे पुढे होते, म्हणजे उत्तरेचा शरद आणि धुळीचा हंगाम. ही माहिती ‘२४ सप्टेंबर’ या शब्दांत कुठेच नाही.

शनीला एक फेरी घालायला साडेएकोणतीस वर्षे लागतात. ऑगस्ट २००९ मध्ये तिथे संपात झाला, पुढचा मे २०२५ मध्ये. शनीवरच्या एका ऋतूत इथले मूल शाळेत दाखल होऊन आठवीत पोहोचते. पण ‘शनी ९० अंशांवर आहे’ असे म्हटले की कुठल्याही ग्रहाचा अभ्यासक ओळखतो: उत्तरेचा उन्हाळा सुरू झाला. दिवसांची लांबी बदलली, वर्ष बदलले, तरी माप बदलत नाही. कोन हे सगळ्या ग्रहांना समजणारे एकच माप आहे.

या पुस्तिकेकडून काय मिळेल आणि काय मिळणार नाही, तेही स्पष्ट सांगतो. सायन अंश पावसाचा अंदाज देत नाहीत. ८० अंशांना पाऊस यावा हे सरासरीचे बोलणे. एखाद्या वर्षी तो ७० ला येईल, एखाद्या वर्षी ९० ओलांडेल. जमीन, समुद्र आणि वारे आपापल्या गतीने तापतात, निवतात आणि वळतात. पण सरासरी कशाची काढायची, दोन वर्षांची तुलना कोणत्या जागी उभे राहून करायची, हे अंश सांगतात. हवामान बदलाच्या या काळात ही जागा पक्की असणे फार गरजेचे आहे. आंबा केव्हा मोहरला, गुलमोहर केव्हा फुलला, खाडीवर रोहित पक्षी केव्हा उतरले, या नोंदी नुसत्या तिथीने ठेवल्या तर वर्षावर्षांची तुलना महिनाभराने फसते.

पुस्तिकेचे तीन भाग आहेत. पहिल्यात काठी, सावली आणि स्थानिक मध्यान्ह. दुसऱ्यात तारखेवरून अंश काढायची रीत: आधी शाळेच्या गणितात बसणारी ढोबळ, मग मंदफलाचा संस्कार घेऊन नेमकी. सायन-निरयनाचा हिशेबही त्यातच आहे, म्हणजे घरातल्या पंचांगाशी ताळा घेता येईल. तिसऱ्या भागात मंगळ, शनी आणि युरेनस. आठवीच्या मुलाला पहिला भाग एकट्याने जमावा, दुसऱ्याला शिक्षकाची थोडी मदत लागावी, अशी मांडणी आहे. गणितात अडखळलात तर थांबू नका, आकृती पाहून पुढे चला. तिसरा भाग वाचून झाल्यावर दुसरा पुन्हा उघडलात तर तो सोपा वाटेल.

सण जसे आहेत तसेच राहावेत. ईस्टर, रमजान, नारळी पौर्णिमा, संक्रांत, यांतला एकही दिवस हलवायचा या पुस्तिकेचा इरादा नाही. सणांना माणसांच्या आठवणींनी धरून ठेवलेले असते आणि ते योग्यच आहे. माझी मागणी एवढीच की शाळेच्या फळ्यावर वार आणि तारीख लिहिताना शेजारी एक आकडा वाढवावा: आजचा सायन अंश. वर्षभर तो रोज लिहिणारी मुले दीक्षितांचा वाद, समितीचे ३१ दिवसांचे महिने आणि मंगळावरचा १४३ दिवसांचा शरद कोणी न शिकवताही समजून घेतील. आपली पृथ्वी आज कुठे आहे हे सांगता येणे हा प्रत्येक मुलाचा हक्क आहे, आणि तो मिळवून द्यायला एक काठी, एक मोजपट्टी आणि एक फळा पुरे आहे.